दुपारी तीनचा मुलतानी

रेवदंड्याच्या मासळीबाजारात माझ्या आयची जागा अगदी मागे, बर्फाच्या पेट्यांपाशी होती. तिथून गिऱ्हाईक दिसत नसे, पण गिऱ्हाइकाला आय ऐकू येई. बाकीच्या बायका घसा ताणून ओरडायच्या. आय नुसती हाक मारायची, आणि ती हाक सगळ्या कलकलाटावरून जाऊन बाहेर रिक्षा उभ्या राहतात तिथं पोचायची. अलिबागहून आलेली माणसं रिक्षातून उतरता उतरता मान वळवायची. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या आयांना असाच आवाज असतो. बाजारात बसणाऱ्या बाईला जशी विळी लागते तसा तो लागतच असणार.

त्या आवाजावर मेहनत मास्तरांची होती. आय सातवीपर्यंत शाळेत गेली तेव्हा मास्तर तिथं गाणं शिकवायचे आणि रोजची प्रार्थना तिलाच सांगायला लावायचे. मग तिची शाळा सुटली, लग्न झालं, मी झाले. पुढं एकदा मास्तर रिक्षा शोधत बाजारापाशी आले. मासे त्यांच्या घरात शिजत नसत, पण आतून आलेली हाक त्यांनी ओळखली. धोतराचा सोगा हातात धरून ओल्या फरशीवरून चालत ते सरळ आयच्या ओट्यापर्यंत आले आणि म्हणाले, "चंद्रा, गळा फुकट घालवते आहेस. गुरुवारी ये." ही गोष्ट आय आम्हाला इतक्यांदा सांगायची की मास्तरांच्या पायातल्या वहाणांचा चपचप आवाजसुद्धा ती तोंडानं काढून दाखवायची.

मग दर गुरुवारी बाजार आटपला की आय न्हाणीत शिरायची, लिंबाच्या सालीनं कोपरापर्यंत हात घासायची, धुतलेलं लुगडं नेसायची, आणि आम्ही दोघी चौलला जायचो. मास्तरांचं घर सुपारीच्या बागेत होतं. पडवीत सतरंजी, पेटी, आणि मास्तरांचा जुना टेपरेकॉर्डर. काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, पितळेच्या पेल्यातून ताक आणून द्यायच्या. मी एका कडेला बसून शाळेचा अभ्यास करायची आणि अर्धा कान गाण्याकडे असायचा. माझा गळा बाबांवर गेलेला, त्यामुळे मला शिकवायचा प्रश्न कधी आलाच नाही. पण कान मात्र आपोआप तयार होत गेला. एका पावसाळ्यानंतर मास्तरांनी तिला राग मुलतानी द्यायला घेतला. त्यातला कोमल रिषभ तिच्याकडून नीट लागेपर्यंत दिवाळी आली. घरी भाकऱ्या थापताना ती तो रिषभ शोधत बसायची, तव्यावरची भाकरी करपायची, आणि काकी ओरडायची, "चंद्रे, तुझा राग गेला चुलीत!" काकी म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको, आमचं अंगण एक, चुली दोन. बाबा तांडेल होते, होडीवरच्या खलाशांचे म्होरके. त्यांची होडी पाच-सहा दिवस बाहेर राहायची. आयचं गाणं त्यांच्या कानावर पडायचं ते असंच, भाकरीच्या धुरातून, तुकड्यातुकड्यानं.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा आयच्या गळ्यात गाठ आली. थायरॉइडची. डॉक्टरांनी सगळं आधी समजावून सांगितलं होतं: गाठ काढावीच लागेल, आवाजाची नस तिच्या अगदी शेजारून जाते, काही सांगता येत नाही. बाबांनी कागदावर सही केली. आय वाचली. पण मुंबईहून परत आली तेव्हा तिच्या तोंडून आवाजाच्या जागी नुसती हवा येत होती. सायकलच्या चाकातून येते तशी. डॉक्टर म्हणाले होते सहा महिने वाट बघा. आम्ही सहा महिने पाहिली, मग वर्ष पाहिली. बाजारातल्या तिच्या जागेवर काकी बसायला लागली.

त्या वर्षाबद्दल लिहायचं म्हटलं की आजही माझा हात मागे येतो. आय रडली असती, चिडली असती तर बरं झालं असतं. ती गप्प झाली. कुजबुजून बोलता येत होतं, पण ती बोलेना. काही विचारलं की मान हलवायची, हो की नाही तेही कळायचं नाही. घरामागे बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगलेले असत. दिवसभर त्यांच्या ओळींत ती उभी राहायची, उगाच एखादा उलटा करायची. स्वयंपाक करायची, पण चव गेल्यासारखा. जवळ्यात मीठ नसे, कालवणात दोनदा असे. ताटात वाढून घ्यायची आणि भाकरीचा तुकडा बोटांत धरून तशीच बसायची. तिच्या मनगटावरच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरायला लागल्या. घरातला रेडिओ तिनं कापडात गुंडाळून माळ्यावर टाकला. मास्तर दोनदा येऊन गेले. ती मागच्या दारानं वलांडीकडे निघून गेली. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासलं, रक्त काढलं, म्हणाले, शरीरात काही नाही. काकी अंगारा घेऊन आली. बाबा समुद्रावरून आले की तिच्यासमोर बसून राहायचे आणि तिसऱ्या दिवशी परत निघून जायचे. ते पळतात असं मला तेव्हा वाटायचं. मी एकोणीस वर्षांची होते, घरात माझ्याशिवाय बोलणारं कुणी नव्हतं, आणि माझ्या बोलण्याला उत्तर नव्हतं.

त्याच वर्षी आमच्या कॉलेजात रेडिओ केंद्र सुरू झालं. केंद्र म्हणजे जिन्याखालची एक खोली. भिंतींना काथ्याच्या गाद्या ठोकलेल्या, एक टेबल, दोन माईक, आणि गच्चीवर अँटेना. माईक चालू असताना पंखा बंद ठेवावा लागे, नाहीतर वादळात बसून बोलतोय असं ऐकू येई. आसपासच्या गावांत आणि खाडीच्या तोंडाशी आलेल्या होड्यांवर ते लागायचं, त्यापुढे नाही. आम्हाला मराठी शिकवणाऱ्या मॅडम त्याच्या प्रमुख होत्या. सिनेमाची गाणी लावायची परवानगी नव्हती. जे काही वाजेल ते इथल्याच माणसांचं हवं. शेतीचे, आरोग्याचे, होड्यांसाठी हवामानाचे कार्यक्रम मुलांनी वाटून घेतले. शेवटी मॅडमनी विचारलं, "शास्त्रीय संगीत कोण करणार? बुधवार आणि शनिवार, दुपारी तीन ते चार." कुणी हात वर करेना. दुपारी तीनला आमच्याकडे माणसं जेवून आडवी होतात. मी हात वर केला.

खरं कारण मी मॅडमना सांगितलं नाही. मला एकच श्रोता हवा होता. मला वाटलं होतं, ओळखीचा राग, ओळखीच्या वेळेला, आणि माझ्या तोंडून त्याचं नाव, एवढं कानावर पडलं तर आयच्या आत काहीतरी हलेल. मी माळ्यावरचा रेडिओ काढला, पुसला, काकीच्या खिडकीत ठेवला. काकीला सांगितलं, "बुधवार-शनिवार तीनला लाव, मोठ्यानं." काकी कधीच विसरली नाही. पण तीन वाजले की आय मागच्या दारानं निघून जायची.

तरी मी नेटानं करत राहिले. मास्तरांकडे शेकडो कॅसेटी होत्या. देवळातल्या उत्सवांत, कुणाच्या तरी ओटीवर, त्यांच्याच पडवीत गायलेल्या इथल्या माणसांच्या. कुणी टपालखात्यात होतं, कुणी सुपारीचा व्यापारी, कुणी भजनी. त्यांतले बहुतेक कधीच गेले होते. मास्तर कॅसेट निवडायचे, कागदावर त्या माणसाबद्दल चार ओळी लिहून द्यायचे, आणि मी त्या पाठ करून बोलायची. सुरुवातीला मी माझी भाषा फार घासूनपुसून बोलायची. ‘पाणी’ म्हणताना जिभेवर ताण यायचा. कार्यक्रमात मी सारखी ‘ते चौलला राहत असत’, ‘ते भीमपलास फार आवडीनं गात असत’ असं म्हणत असे. मला ते भारदस्त वाटायचं. चार महिन्यांत केंद्राचा फोन माझ्या कार्यक्रमासाठी एकदाही वाजला नाही.

मार्गेसरात, म्हणजे मार्गशीर्षात, एकदा काकीनं आयला जेटीच्या टोकावरून परत आणली. भर दुपारी, उन्हात, ती टोकाशी उभी होती. आठ दिवसांनी दुसऱ्यांदा. तेव्हा काकी तिला घरात बसवून माझ्याकडे आली आणि माझा दंड धरून म्हणाली, "हेमे, बापसाला बोलाव घरी. मी बाजारात जाव का हिच्यामागं फिरू? एक दिस मी पोचनार न्हाय बग." बाबांची होडी बाहेर होती. निरोप पोचवायला काही मार्ग नव्हता. त्या संध्याकाळी मी आयच्या पायांशी बसून अगदी लहान मुलीसारखी रडले, म्हणाले, "आय, काहीतरी बोल गो. शिव्या दे मला." तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात कोरडा, हलका, सुकटीसारखा. मग उचलून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांकडे गेले आणि आयची कॅसेट मागितली. पडवीत भरलेली तशी एकच होती, मुलतानीची, पाऊण तासाची. ती कुठं ठेवलीय हे मला ठाऊक होतं. मास्तर कपाटापाशी गेले, कॅसेट काढली, आणि हातात धरून उभे राहिले.

"तिला विचारलंस का?"

"हो."

"काय म्हणाली?"

"लाव म्हणाली."

मास्तरांनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरं मानायचं होतं, हे मला आज कळतं. वर्षभर तेही त्याच वाटेकडे डोळे लावून बसले होते. त्यांचे डोळे भरले. "मग हिच्याबद्दल मी काय लिहून देऊ?" ते म्हणाले. "तूच बोल." मी कॅसेट घेतली. आयुष्यात मी बरंच खोटं बोलले असेन, पण इतक्या सहज जीभ कधी चालली नाही.

शनिवारी मी पंखा बंद केला आणि म्हणाले, "आजचा राग मुलतानी. गायिका रेवदंड्याच्या चंद्राबाई. त्या बाजारात मासळी विकत असत, आणि दर गुरुवारी गाणं शिकत असत. त्यांच्या आवाजातला हा मुलतानी आपण ऐकू या." माझी आय, असं मी म्हटलं नाही. माझा आवाज फुटेल अशी भीती वाटली. मग कॅसेट सुरू झाली. मागे कोकीळ ओरडत होता, कुणीतरी विहिरीवर बादली सोडत होतं, मास्तरांची पेटी, आणि त्यावर तिचा आवाज. भरलेला, जरासा ओला, खर्जातून वर येणारा. रिषभ आला तेव्हा मी टेबलावर कपाळ टेकलं. पाऊण तास संपायच्या आत केंद्राचा फोन दोनदा वाजला. मॅडम धावत आल्या, "अगं, कोण ह्या? लोक विचारतायत!"

रिक्षातून परत येताना मी इतकी खूश होते की सांगता येत नाही. चौलच्या वळणावर चहावाला ओरडला, "हेमा, तुझी आय काय गायली गो!" बाजारातल्या बायका उठून उभ्या होत्या. कुणी माझ्या गालावरून हात फिरवला. सगळ्यांनी रेडिओ मोठे केले होते. आख्ख्या आळीत एकच आवाज होता म्हणे. मी पळतच घरी गेले. दार उघडं. चुलीवर पातेलं, विस्तव विझलेला. मागे वलांडीवर बोंबील वाऱ्यानं हलत होते. काकी समोरून येत होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी रेडिओ बंद कराय गेले व्हते," ती म्हणाली. "ती तितंच उभी व्हती, बोंबलांत. शेजारचा बंद केला तर पलीकडचा चालू. मागं वळून बगते तर न्हाय."

आम्ही जेटीवर गेलो. तिथं कुणी नव्हतं. जाळं विणत बसलेला राघूदादा, बाबांचा जुना खलाशी, म्हणाला, "खाडीकडं गेली मगाशी. मी हाक मारली, वळली न्हाय." किल्ल्याच्या तटाखाली ओहोटीला लांबपर्यंत चिखल उघडा पडतो. होड्या कलंडून पडलेल्या असतात. त्या होड्यांच्याही पलीकडे, जिथं आमची माणसं कधी पायी जात नाहीत, तिथं आय उभी होती. गुडघ्यांच्या वरपर्यंत चिखलात. तोंड पाण्याकडे. आणि भरती लागली होती. पाणी पुढे येताना दिसत नव्हतं, पण दर वेळी पाहिलं की तिच्या जवळ आलेलं असे.

मी तशीच शिरले. दहा पावलांत चपला गेल्या, वीस पावलांत मांडीपर्यंत रुतले. पाय काढायला गेले की दुसरा आत जायचा. मी ओरडत होते, "आय, मागं फिर! आय!" माझा तो बापाचा फाटका गळा वाऱ्यात कुठल्या कुठे जात होता. तिनं मान वळवली नाही. पाणी तिच्या लुगड्याला लागलं, लुगडं फुगून वर आलं. मला वाटलं, आता ही बसणार. नुसती खाली बसणार, आणि मी इथून बघत राहणार. तो क्षण मी अजून विसरलेले नाही. आता मी शिकवते त्या पनवेलच्या शाळेत सकाळी सभेला माईक हातात घेते तेव्हा कधीकधी पायांखाली तोच चिखल लागतो.

राघूदादानं होडीतल्या फळ्या ओढून चिखलावर टाकल्या. एकावरून पुढे सरकायचा, मागची उचलून पुढे टाकायचा, पोटावर झोपून. सत्तरीचा माणूस. तो तिच्यापर्यंत पोचला तेव्हा पाणी तिच्या कमरेला होतं. त्यानं तिच्या काखेत दोर घातला. ती विरोधही करत नव्हती आणि मदतही. काठावरच्या माणसांनी दोर ओढला, मग मला ओढलं. आयला मरायचं होतं का, की त्या आवाजापासून जेवढं लांब जाता येईल तेवढं जायचं होतं, हे तिनं कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

विहिरीवर नेऊन मी तिच्या पायांवरचा चिखल धुतला. काकी गरम पाणी आणायला गेली होती. तेव्हा आय बोलली. वर्षभरात पहिल्यांदा पुरतं वाक्य.

"मी मेली काय गो?"

मी तिच्या पायांवर तांब्या ओतत राहिले.

"तू मेल्या मानसांचं लावतेस," ती म्हणाली. प्रत्येक शब्दाला तिला श्वास घ्यावा लागत होता. "मास्तरांकडचं. सगळे मेलेले. मग माजं का लावलंस? कोनी सांगितलं तुला?"

"आय, मला वाटलं तुला..."

"मला इचारायचं व्हतं." आणि तिनं माझ्या हातातला तांब्या काढून घेतला, स्वतःच पाय धुतले.

बाबा त्याच संध्याकाळी आले. राघूदादानं त्यांना जेटीवरच सगळं सांगितलं असणार. ते माझ्यावर ओरडले नाहीत. घरात आले, आयकडे पाहिलं, भिंतीला टेकून खाली बसले. दोन दिवसांनी होडी निघाली तेव्हा दुसऱ्याला तांडेल करून पाठवलं आणि स्वतः घरी राहिले. सोमवारी मी मास्तरांकडे जाऊन खरं काय ते सांगितलं. त्यांनी पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "कॅसेट तिची आहे. तिच्याकडे दे. माझ्याकडे परत आणू नकोस." मी ती आयच्या उशाशी ठेवली, दुसऱ्या दिवशी ती तिथं नव्हती. बुधवारी मी कार्यक्रमाला गेले नाही. मॅडमना चिठ्ठी पाठवली की यापुढे मला जमणार नाही. आय माझ्याशी बोलत नव्हती, आणि आता ते गप्प राहणं माझ्यासाठीच होतं, माझ्याकडे बघून होतं. मी रात्रंदिवस जागी असल्यासारखी वावरत होते. तिनं कडी काढली तरी उठायचे.

गुरुवारी दुपारी बाबा अंगणात जाळं दुरुस्त करत होते आणि आय दारात बसली होती. मी आत चुलीपाशी होते. बाबा खाली बघतच बोलायला लागले.

"मी आयकला त्यो शनवारी. खाडीत शिरत व्हतो. होडीवरचा रेडिओ चालू व्हता. पोरं गप झाली." सुई थांबली. "मी इंजिन बंद केला. होडी भरतीबरोबर तिरकी झाली, कोन काय बोललं न्हाय. मी गुरवारी कवा घरी असतो? इतक्या वरसांत पुरता कदी आयकलाच न्हाय. मला म्हाईतच नव्हतं गो, तुजं काय गेलं ते." मग सुई पुन्हा जाळ्यात घालत म्हणाले, "मी सही केली. तू झोपली व्हतीस, तुला उठवून इचाराय पायजे व्हतं. तरी सही केलीच असती. पन इचाराय पायजे व्हतं."

 आय उठून वलांडीकडे गेली नाही. जाळ्याचं दुसरं टोक तिनं मांडीवर ओढून घेतलं.

आणि शुक्रवारी सकाळी सुमनमावशी आली. सुमनमावशी म्हणजे आयची शाळेतली मैत्रीण, खाडीपलीकडे कोर्लईला दिलेली. ती अंगणात शिरली तीच पदर तोंडाशी धरून, मोठ्यानं रडत. "अगं चंद्रे, मला एका शब्दानं कळवलं न्हाय गो कोनी..." आय दारातच तांदूळ निवडत बसली होती. सुमनमावशीचे डोळे भरलेले, समोर कोण बसलंय ते तिला आधी दिसलंच नाही. आयनं मान वर करून कुजबुजत विचारलं, "कोन गेलं?"

सुमनमावशी होती तिथं थिजली. "तू," ती म्हणाली.

"मी?"

"रेडिओवर सांगितलं ना. जावेनं आयकलं. चंद्राबाई मासळी विकत असत म्हनून. गात असत म्हनून. दोन दिस जेवली न्हाय मी."

मी आत भिंतीला टेकले. ते ‘असत’ माझंच होतं. आता आय पुन्हा खाडीकडे जाईल असं वाटलं.  मग बाहेरून एक विचित्र आवाज आला, फाटकी पिशवी हवेनं फडफडावी तसा. मी धावत बाहेर गेले. आय एका हातानं सुमनमावशीचा हात धरून बसली होती, दुसरा तळहात जमिनीवर आपटत होती, तांदूळ सगळीकडे सांडले होते, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही. सुमनमावशी दोन्ही करत होती.

ती गेल्यावर आयनं मला हाक मारली. म्हणजे सुपावर टिचकी मारली. मी जवळ गेले.

"उद्या शनवार ना?"

"मी जाणार नाही आय. सोडलंय मी."

"मला ने," ती म्हणाली.

रिक्षात आम्ही दोघीच. तिनं निळं लुगडं नेसलं होतं, अंबाडा घातला होता. वाटभर ती बाहेर बघत होती. मॅडमना मी दारातच सगळं सांगितलं, त्या म्हणाल्या, "बसव त्यांना. वेळ तुझीच आहे." त्या जिन्याखालच्या खोलीत आय काथ्याच्या गाद्यांकडे बघत खुर्चीच्या टोकावर बसली. मी पंखा बंद केला. मी माईकपाशी तोंड नेलं आणि म्हणाले, "गेल्या शनिवारी मी मुलतानी लावला होता. तो माझ्या आयचा होता. मी तिला विचारलं नव्हतं, आणि चुकीचं बोलले. ती इथं आली आहे." एवढंच मला जमलं. मी माईक तिच्याकडे वळवला.

आय वाकली. तिचे ओठ माईकला टेकले तेव्हा फक्त श्वास ऐकू आला, एक, दोन, तीन. दाराच्या काचेपलीकडून मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. रेडिओवर एवढी शांतता चालत नाही. मी हात वर करून त्यांना थांबवलं.

"मी चंद्रा," आय म्हणाली. "रेवदंड्याची. मी हाय." मग पुन्हा श्वास. "त्यो गाना माजाच व्हता. आता गला न्हाय ऱ्हायला. गाना व्हनार न्हाय." कपाळावरून घाम ओघळून तिच्या भुवईत थांबला. तिनं तो पुसला नाही. मला वाटलं संपलं. मी हात पुढे केला, तो तिनं बाजूला सारला.

"उद्यापासून बाजारात बसनार हाय. माज्या जागेवर. मला वरडता येनार न्हाय. भाव इचारायचा तर जवळ यायला लागंल."

मग ती मागे टेकली आणि पंख्याकडे बोट दाखवलं.

तिनं पुन्हा कधी गायलं नाही. कॅसेटचं तिनं काय केलं मला ठाऊक नाही; आय वारल्यावर तिची कपड्यांची पेटी आवरली तेव्हा मी सगळे कपडे झटकून पाहिले, सापडली नाही. वाईट दिवस त्यानंतरही आले, जेटीच्या टोकापर्यंत मी आणखी एकदा धावले. माझा कार्यक्रम मी वर्ष संपेपर्यंत केला, पण आयनं तो कधी ऐकला नाही आणि मीही तिला ऐक म्हटलं नाही.

पण त्या रविवारी मी काकीच्या मागे बाजारात गेले. आय बर्फाच्या पेट्यांपाशी आपल्या जागेवर बसली होती, समोर बांगडे, थोडी कोलंबी. बराच वेळ कुणी आलं नाही. माणसं लांबून बघायची, डोळे चुकवून पुढं जायची. आयचे हात मांडीवर गच्च मिटलेले होते आणि मला ते बघवत नव्हतं. मग किहीमहून दर रविवारी येणाऱ्या एक वयस्क बाई आल्या, जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी पिशवी खाली ठेवली, एक हात गुडघ्यावर टेकला, कण्हत कण्हत वाकल्या, आणि कान आयच्या तोंडाशी नेला. आयनं भाव सांगितला. "बाई गं, एवढा?" त्या तशाच वाकलेल्या राहून म्हणाल्या. आय त्यांच्या कानात आणखी काहीतरी बोलली. बाई ताडकन सरळ झाल्या, तोंडावर हात ठेवला, आणि सगळा बाजार वळून बघेल इतक्या मोठ्यानं हसल्या.

काय बोललीस, म्हणून मी घरी येताना विचारलं. तिनं सांगितलं नाही.